पाच पावलं, पण कुठून?

डोमा,

शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. जन्म कधीचा, परीक्षा कोणत्या, नोकरी किती वर्षं, हे सगळं कारकुनानं रजिस्टरातून उतरवून माझ्या हाती दिलं. कागद सुवाच्य आहे. मी तो तसाच परत केला. म्हटलं, हा वेगळा छापा. मला जे लिहायचं आहे ते रजिस्टरात नाही. ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं मी तुझ्या तेरवीपर्यंत समजत होतो.

तू असतास तर म्हणाला असतास, "लिहून राहिला तं लिही गा, पण कुठून ते आधी सांग."

कुठून. हा तुझा शब्द. शाळेत नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, या मास्तराला ऐकू कमी येतं. कुणी म्हणावं, स्टेशन दोन मैल आहे. तू विचारणार, कुठून? कुणी म्हणावं, अमक्याचा मुलगा फार पुढे गेला; तू विचारणार, कुठून? चपराशानं एकदा येऊन सांगितलं, "हेडमास्तर साहेब बाहेर गेले." तू सवयीनं म्हणालास, "कुठून?" आणि तो बिचारा गोंधळून म्हणाला, "आतून." सगळी स्टाफरूम हसली. मी हसलो नाही. माझ्या मनात आलं, एवढी साधी गोष्ट मला का सुचत नाही.

तर सुरुवात तिथून आहे, डोमा. हेव्यापासून.

आपण दोघं एकाच वर्षी या शाळेत आलो. स्वराज्य नुकतंच आलं होतं आणि शास्त्रविषय मराठीतून शिकवायचे असं ठरत होतं. पुस्तक इंग्रजी, वर्ग मराठी, आणि मधे आपण दोघं. मधल्या सुट्टीत कडुलिंबाखालच्या बाकावर बसून आपण शब्द पाडायचो. पोझिशनला 'स्थान', त्यावर वाद झाला नाही. मोशनला 'गती', तेही निभलं. अडलो ते डिस्प्लेसमेंटपाशी. मी म्हटलं, 'स्थानांतर'. तू तोंड वाकडं केलंस.

"स्थानांतर म्हणजे बदली गा. इन्स्पेक्टर करते ते."

"मग तू सांग."

"सरक."

"सरक? हा काय शास्त्रीय शब्द झाला?"

"काहून? वस्तू इथं होती, तिथं गेली. किती सरकली आन् कोणीकडं सरकली, बस्स. मधात किती भटकली त्याच्याशी आपल्याले कराचं काय? पोट्टं शब्द ऐकूनच समजते."

"पुस्तकात 'सरक' छापलेलं वाचून लोक हसतील."

"हसू दे नं. हसलेला माणूस विसरत नाही."

पुढं छापील पुस्तक आलं. त्यात ना तुझा शब्द होता ना माझा. त्यात होतं 'विस्थापन'. त्या दिवसांत सिंधकडून घरदार टाकून आलेल्या लोकांना आपल्याकडची हिंदी वर्तमानपत्रं 'विस्थापित' म्हणत होती. तू ते पान माझ्यापुढं धरलंस. मग म्हणालास, "माणूस मुलूख सोडून आला तेही विस्थापन, आन् दगड चार बोटं सरकला तेही विस्थापन? बम मोठा शब्द आहे वामन. दगडाले पेलन का?"

हा वाद आपण पुढं कितीतरी वर्षं घातला. तो मिटला नाही. आज सांगतो, मला 'सरक' त्या पहिल्याच दिवशी पटला होता. मी कबूल केलं नाही, कारण तो तुला सुचला होता.

तुझी खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. त्यामुळे तुझे तास मी जितके ऐकले तितके तुझ्या विद्यार्थ्यांनीही ऐकले नसतील. ते दरवर्षी बदलायचे, मी तोच होतो. दर जूनमध्ये तुझा पहिला तास एकाच वाक्यानं सुरू व्हायचा. "मी राहतो पाचपावलीत. पाच पावलं! पण कुठून पाच? आन् कोणीकडं पाच? हे कोणं सांगतलंच नाही. म्हणून तं आमची वस्ती पावण्यायले सापडत नाही." वर्ग हसायचा. मग थैलीतून धोटा काढून टेबलावर ठेवल्याचा टक् असा आवाज यायचा. तुझ्या आजोबांचा धोटा, मागावर आडवं सूत घेऊन धावणारा. आजोबा आणि वडील, दोघांनी घरातल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्यानं लुगडी विणली होती. शिसवी, दोन्ही टोकांना निमुळता, आणि मधे जिथं सुताची कांडी बसते तिथं बोटांनी गुळगुळीत झालेला.

"हा शून्य," तू म्हणायचास. "आता सारं याच्यापासून मोजाचं. गणपत कुठं आहे?"

"खिडकीजवळ, सर."

"आन् खिडकी कुठं आहे?"

"गणपतच्या मागं, सर!"

पुन्हा हशा. मी इकडं फळ्यावर व्याख्या लिहीत असायचो आणि खडू हातातच राहायचा.

माझंही उदाहरण होतं. सीताबर्डीजवळचा तो दगडी खांब, जिथून सगळे रस्ते मोजतात. मला ते उदाहरण भारदस्त वाटायचं. मी ते तुला सांगितलं तर तू म्हणालास, "तो खांब साहेबानं ठोकला. उद्या उपटून भंडाऱ्याले नेऊन ठोकला तं सीताबर्डी हालली का?"

"हालणार कशी? पण तिचं स्थान बदलेल."

"स्थानाचा आकडा बदलन. पण टांगा बर्डीवरून इतवारीले गेला तं त्याची सरक तेवढीच राहीन, खांब कुठंही ठोक. म्हणून म्हणतो, शून्य ज्याचा त्यानं ठेवावा. दुसऱ्याचा कायले?"

मी म्हटलं, हे मला माहीत आहे. माहीत होतंच. पुस्तकात मी ते तुझ्याआधी वाचलं होतं. पण मला ते माहीत होतं आणि तुला ते दिसत होतं, आणि हा फरक मला पुरता समजत होता. एखाद्या मूर्ख माणसाला तुझा हेवा वाटला नसता.

आता माझं सांगतो. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी बोललो नाही. माझं गाव सावनेरकडचं. वडील शेतकरी. घरी 'मले', 'तुले' असंच बोलत. मी शिकायला नागपुरात आलो तेव्हा खोलीतल्या मुलांनी माझ्या 'मले'ची इतकी नक्कल केली, की एका वर्षात मी तो तोंडातून खरवडून काढला. मी काय म्हणतो ते आधी मनात लिहून बघायचो, मग बोलायचो. त्यामुळे मला लोक मितभाषी म्हणू लागले. लग्न झालं, मुलगी झाली, तिलाही मी घरात 'मला' म्हणायला लावलं. आणि तू? बी. एस्सी. झालेला, पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, भर वर्गात, हेडमास्तरांसमोर, इन्स्पेक्टरासमोर, "मले सांग बापा" म्हणायचास आणि कुणी तुझी नक्कल करत नव्हतं. केली तरी प्रेमानं करायचे. जे लपवायला मी वीस वर्षं घातली, ते तू गळ्यात घालून हिंडत होतास.

एके दिवशी मी गतीचा धडा शिकवत होतो. माझा वर्ग नेहमीसारखा शांत. तट्ट्यापलीकडून तू काहीतरी म्हणालास. आणि माझा वर्ग हसला. तुझ्या बोलण्याला, माझ्या तासात. मी पाठमोरा होतो, वळलो तेव्हा सगळ्यांनी तोंडं खाली घातली होती. मी त्यांना उभं केलं नाही, रागावलो नाही. फळा पुसला आणि तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

तरीही, डोमा, एवढ्यावर मी जे केलं ते केलं नसतं. त्याच्या आधी तो रविवार आला.

माझी शकू तेव्हा अकरा वर्षांची होती. मुलींच्या शाळेत तिला हाच धडा होता आणि तो मी तिला तीन दिवस शिकवत होतो. ती व्याख्या पाठ म्हणायची, आरंभस्थान आणि अंतिम स्थान, आणि उदाहरण घातलं की चुकायची. तिसऱ्या दिवशी ती रडली. मी तिला म्हटलं, डोकं कुठं ठेवलंस? तेवढ्यात तू फाटकातून आत आलास, हातात वांग्यांची पिशवी.

"काहून रडून राहिली वं शकू?"

तिनं पुस्तक दाखवलं. तू ते वाचलं नाहीस. थैलीत हात घालून सुताची गुंडी काढलीस, एक टोक आपल्या बोटाला गुंडाळलंस आणि गुंडी तिच्या हाती दिलीस. "जा. अंगणात वाटेल तिकडं हिंड. सूत सोडत जा."

ती निघाली. विहिरीकडं गेली, परत आली, पेरूच्या झाडाला वळसा घातला आणि सूत अडकलं. "झाडाले मधात नको आणू वं माय, ते काही परीक्षेले बसत नाही," तू म्हणालास. ती डोळे पुसता पुसता हसली. उलटा वळसा घालून तिनं सूत सोडवलं. मग ती पायरीपाशी जाऊन थांबली.

"आता सूत ताण."

तिनं गुंडाळत गुंडाळत सूत ताणलं. तुझ्या बोटापासून तिच्या बोटापर्यंत सरळ रेघ झाली, उन्हात चमकत होती.

"पाय किती चालले?"

"खूप."

"ते अंतर. आन् हे सूत?"

तिनं सुताकडं बघितलं. "हे विस्थापन."

"कोणीकडं?"

तिनं हातानं दिशा दाखवली.

"आता परत माह्याजवळ ये." ती धावत आली, तुझ्या बोटाला बोट लावून उभी राहिली. "आता किती?"

"शून्य!"

"आन् दमली किती?"

"लय!" ती ओरडली, आणि वळून मला म्हणाली, "बाबा, मले समजलं!"

मले. माझ्या घरात. माझ्या अंगणात. तुझ्या एका रविवारच्या येण्यानं.

तू हसून माझ्याकडं पाहिलंस. मीही हसलो असेन. वांगी आत नेऊन ठेवली. तू गेल्यावर मी शकूला म्हटलं, "मला समजलं, असं म्हणावं." तिनं मान खाली घालून तसं म्हटलं. ते वाक्य तिच्या तोंडी किती मेलेलं वाटलं, ते मला अजून ऐकू येतं.

त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. माझं अक्षर चांगलं म्हणून शाळेचं वेळापत्रक दरवर्षी माझ्याच हातानं लिहिलं जायचं, हे तुला माहीत आहे. वरून हुकूम आला होता, की सुतकताई-विणकाम हा विषय सुरू करा. तकल्या येणार होत्या, दोन हातमाग येणार होते. ते म्हणाले, "माणूस कुठून आणायचा? बाहेरून मागवू का?"

मी वर न बघता म्हटलं, "डोमाजी आहेत की. घरचंच काम आहे त्यांचं."

मला वाटतं, त्यांना ते बरोबर वाटत नव्हतं. "अहो, पण त्यांचा पदार्थविज्ञानाचा वर्ग?"

"मी घेईन."

एवढंच बोललो, डोमा. दोन वाक्यं. आवाजात अशी सोशिकता आणली, जणू तुझं ओझं मी उचलत होतो. तुझी पदवी मला माहीत होती, पहिल्या वर्गातली. कंदिलाला कागदाचा आडोसा करून, मागाच्या खड्ड्याशेजारी बसून तू अभ्यास केलास हे तू मला सांगितलं होतंस, मित्र म्हणून. त्याच खड्ड्यात मी तुला परत बसवलं, आणि तेही तुझ्या बापाच्या, आजोबाच्या नावावर. 'घरचंच काम.' मला माझं गावचं बोलणं लपवावं लागलं होतं. तुला कोष्टी म्हणून कुठं ठेवायचं ते मला बरोबर ठाऊक होतं. मग मी चौकटीत तुझं नाव लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक लागलं. तू त्यापुढं उभा राहिलास, धोतराचा सोगा हातात धरून. मी मागून आलो.

"अक्षर तुझं आहे," तू म्हणालास.

"मी फक्त उतरवलं," मी म्हटलं.

तू मान हलवलीस. मग हसलास. ते हसणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही पाहिलं नाही. "पाह्य गा वामन. खड्ड्यातून निघालो, शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, बी. एस्सी. झालो, मास्तर झालो. आन् आता कुठं? मागावर. चाललो बम. सरक शून्य."

मी म्हटलं, "चहा घेतोस?"

हेच माझं उत्तर होतं. आणि तू म्हणालास, "घेऊ नं."

माग तुझ्याच खोलीत बसवले. त्यामुळे तट्ट्या तसाच राहिला, आणि आता पलीकडून खटखट यायची आणि तिच्यामधून तुझा आवाज. मला वाटलं होतं, आता तरी शांतता मिळेल. तुझे सगळे वर्ग माझ्याकडं आले होते. मी बाजारातून सुताची गुंडी आणली. होय, आणली. एका मुलाला टोक धरायला लावलं, दुसऱ्याला फिरायला सांगितलं. मागच्या बाकावरून एक जण अगदी आदरानं म्हणाला, "सर, हे झालं आमचं. सुतकताईत."

तू त्यांना तिकडं गती शिकवत होतास. चोरून नाही, उघड. तकली जागच्या जागी फिरते आणि सूत लांबत जातं, धोटा मागाच्या या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत जातो आणि परत येतो, दिवसभरात कोसभर चालतो आणि संध्याकाळी जिथं होता तिथंच. "मंग कापड कुठून आलं बे?" तू विचारायचास आणि सगळा वर्ग एकदम बोलायला लागायचा. मी तट्ट्याला पाठ लावून उभा राहायचो. माझा त्यावर एक आक्षेप होता. धोटा संध्याकाळी कोणत्या बाजूला थांबला हे सांगितल्याशिवाय त्याचं विस्थापन शून्य, असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला थांबला तर ते कापडाच्या पन्ह्याएवढं होईल. मी तुला हे स्टाफरूममध्ये चारचौघांत सुनावलं. मला वाटलं, आज पकडला.

तू शांतपणे म्हणालास, "कोष्ट्याचा धोटा दिवस मावळता उजव्याच हाताले थांबते, वामनराव. जिथून सकाळी निघाला तिथंच. डाव्या हाताले ठेवून कोणी उठत नाही, अपशकुन असते. हे पुस्तकात नाही. पण पोट्ट्यायले माहीत आहे."

त्या वर्षी सहामाहीच्या पेपरात मी मुद्दाम हाच प्रश्न घातला होता. अर्ध्या वर्गानं 'शून्य' लिहिलं आणि कारण दिलं नाही. मी त्या सगळ्यांना चूक दिली. ती सगळी तुझ्या वस्तीतली मुलं होती. त्यांना कारण लिहायची गरजच वाटली नव्हती. गुण मी बदलले नाहीत.

वार्षिक परीक्षेत मात्र शाळेचा पदार्थविज्ञानाचा निकाल कधी नव्हे इतका चांगला लागला. सभेत हेडमास्तरांनी माझं नाव घेतलं, मला उभं केलं. टाळ्या झाल्या. सगळ्यांत मोठ्यानं तू वाजवल्यास. मी तुझ्याकडं बघितलं नाही. तुझ्या हातांकडं बघितलं. त्यांना सुताचा कोंडा लागला होता.

यानंतर आठ वर्षं. आठ वर्षं तू दर रविवारी येत राहिलास. शकूच्या मॅट्रिकला तूच आधी पेढे आणलेस. ती आता मुलींच्या शाळेत शिकवते आणि तिच्या वर्गात, मी ऐकलं आहे, हशा असतो. दर रविवारी मी ठरवायचो, आज सांगू. तू फाटकातून आत आलास की ते पुढच्या रविवारवर जायचं.

तू आजारी पडल्यावर मी तीनदा पाचपावलीला आलो. तिसऱ्यांदा दुपार होती, तू खाटेवर उशाला टेकून बसला होतास, छाती भात्यासारखी हालत होती.

"काही सांगाचं होतं का?" तू विचारलंस.

"नाही. सहजच आलो."

"सहज कोणी पाचपावलीले येत नाही गा." तू थोडा वेळ वाट पाहिलीस. आता कळतं, ते वाट पाहणंच होतं. मग तू म्हणालास, "पुढच्या पुस्तकात 'सरक' टाकाले लाव त्यायले."

मी म्हटलं, "बघू." शेवटचा शब्द मी तुला हा दिला. बघू.

तेरवीला मी सगळ्यांच्या शेवटी थांबलो. माणसं गेल्यावर सरूवहिनींपुढं बसलो. तुला सांगता आलं नाही ते त्यांना तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं. "वहिनी, ते विणकामाचं जे झालं, डोमाला तिकडं टाकलं, ते मी..."

"माहीत आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यायलेही माहीत होतं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच हप्त्यात हेडमास्तरानं सांगतलं होतं. घरी आले, जेवले नाही. मी म्हटलं, जा, विचारा त्याले. तोंडावर विचारा. तं म्हणे, विचारलं तं तो खरं सांगन, आन् खरं सांगतलं का पुन्हा मले तोंड दाखवाचा नाही. पोट्टे मले तिकडंही भेटतात. वामन कुठं भेटन?"

डोमा, मी रडलो. पण सगळंच सांगायचं ठरवलं आहे तर हेही सांगतो. रडताना आत, अगदी तळाशी, तीच जुनी ठिणगी होती. आठ वर्षं हा माणूस सगळं माहीत असून माझ्या अंगणात बसला, माझा चहा प्याला, माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. हे मला कधीच जमलं नसतं. तू मेल्यावरही मला तुझा हेवा वाटला. तुझ्या त्या गप्प बसण्याचासुद्धा. मी गप्प राहिलो ते भीतीनं, आणि तू माझ्यासाठी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत होती.

सरूवहिनी आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. उघडण्याआधीच मला कळलं. मी म्हटलं, हा मुलाला द्या, घरात राहू द्या.

"नाही, त्यायनं सांगून ठेवलं. म्हणे, हा वामनले द्या. वामनजवळ सारं आहे, एक शून्य नाही." त्यांनी धोटा माझ्या हातात ठेवला. "मले तं काही समजलं नाही, भाऊजी. शून्य नसला तं बरंच नं? तुमाले समजते का?"

आठ वर्षंच नव्हे, ज्या दिवशी या शाळेत आलो त्या दिवसापासून मी कुठं उभा आहे हे मी रोज तट्ट्याला कान लावून ठरवत आलो होतो. तू किती पुढे, मी किती मागे. तू हसलास की मी मागे, तुला मागावर बसवलं की मी पुढे. तुला हे दिसत होतं. अर्थात दिसत होतं.

"समजते, वहिनी," मी म्हटलं.

सोमवारी नववीचा तास होता. तट्ट्यापलीकडची खोली बंद आहे, मागांवर कापड टाकून ठेवलं आहे, नवा माणूस अजून आलेला नाही. मी थैलीतून धोटा काढला आणि टेबलावर ठेवला. टक्. मुलं एकदम ताठ बसली; तो धोटा कुणाचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी खडू घेतला, ठेवून दिला. काय बोलायचं ते मनात लिहून बघितलं नव्हतं.

"हा शून्य," मी म्हटलं. "आता मले सांगा, मी कुठं उभा आहे?"

क्षणभर कुणाचाच विश्वास बसला नाही. मग पहिल्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि मागं मागं सगळा वर्ग हसला. माझ्या 'मले'ला हसला. बारा वर्षांत माझ्या बोलण्याला पहिल्यांदा, डोमा, आणि चांगलं मोठ्यानं.

मी हसू ओसरायची वाट पाहिली. नकळत मान तट्ट्याकडं वळली. तिकडं ऐकायला कुणी नव्हतं.

तुझा,
वामन